दादाचं वेळापत्रक

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सकाळी विमानतळावर गेलो. सामानाच्या पट्ट्याच्या वार्षिक देखभालीच्या कंत्राटासाठी आलेले लिफाफे आज उघडले. पाच वर्षं हे काम दादाचं. तो जाऊन दीड महिना झाला, म्हणून यंदा अर्ज मी भरला.

प्रकाशचाही अर्ज होता, दादाच्या कामातल्या जोडीदाराचा. त्याने तो भरलाय हे मला माहीतच नव्हतं. त्याच्या लिफाफ्यातून तपासणीचं वेळापत्रक निघालं. झेरॉक्स, पण अक्षर दादाचं. पानाखाली दोन रेघा, त्याची सवय.

बाराव्याला प्रकाश म्हणाला होता, "दादाची फाइल माका दी रे, आठवण म्हणान ठेवीन." मीच कपाटातून काढून दिली.

विमानतळाच्या साहेबांनी वेळापत्रक हातात घेऊन विचारलं, "हे कोणी केलं?"

"मीच, साहेब," प्रकाश म्हणाला.

साहेब पाच वर्षं तेच अक्षर बघतायत. त्या दोन रेघांवर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी पान उलटलं.

मी का गप्प बसलो?

काम प्रकाशला मिळालं. बाहेर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रागावू नको रे. तुका ह्या झेपला नसता." मनात आलं, रेघा तरी झाकायच्या होत्यास, प्रकाश.

घरी वहिनीने विचारलं, "भावजी, काम गावला?"

"अजून कळूक नाय," म्हटलं.

सकाळी तिने इस्त्री करून दिलेला शर्ट मी काढला आणि तिला धुवायला न देता विहिरीवर जाऊन मीच धुतला.