लीड्समध्ये मजेत आहे

११ जानेवारी १९४७, शनिवार. लीड्स.
पोचलो. आजपासून रोजनिशी. मराठीत लिहिणार, म्हणजे या घरात कुणाला वाचता येणार नाही. घरात मी आणि लँडलेडी मिसेस हॉब्सन, दोघंच.

निजाम सरकारनं सूत रंगवण्याचं शास्त्र शिकायला एका टर्मसाठी पाठवलं आहे. बेंबळीतून विलायतेला आलेला मी पहिला माणूस. बहुतेक सगळ्या उस्मानाबाद जिल्ह्यातून पहिला.

संकल्प असे. टर्म संपायच्या आत निदान दहा इंग्रज मित्र. इंग्रजी इतकी पक्की करायची की परत गेल्यावर मराठी आठवायला वेळ लागला पाहिजे. त्यासाठी इथल्या कुठल्याही हिंदुस्थानी माणसाच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. रोज पहाटे आंघोळ आणि लिंगपूजा, मगच अन्न. घरची आठवण काढायची नाही. लग्नाला आठच महिने झालेत, त्यामुळे आठवण यावी इतकी सवयच लागलेली नाही. हे सोयीचं आहे.

१२ जानेवारी, रविवार.
मिसेस हॉब्सन म्हणाल्या की आंघोळ शनिवारी असते. मी सांगितलं, आमच्यात रोज असते, आंघोळीशिवाय गळ्यातल्या लिंगाची पूजा नाही आणि पूजेशिवाय पाण्याचा थेंब नाही. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि एक मग पाणी दिलं. दाढीचा मग.

पूजा करून खाली आलो तर कपाळावरची विभूती त्यांनी एप्रनच्या टोकानं पुसून टाकली. शेगडीशी जरा जपून बसत जा म्हणाल्या. बाई प्रेमळ आहेत. मी मांस खात नाही हे कळल्यापासून तर फारच. माझ्या वाट्याचं त्या स्वतः खातात.

१४ जानेवारी, मंगळवार.
संक्रांत. तिळगूळ दिला नाही, घेतला नाही.

वर्गाचा पहिला दिवस. हैदराबादला मी सगळं शास्त्र उर्दूतून शिकलो आणि पहिला आलो. इथं प्रोफेसरांनी प्रश्न विचारल्याबरोबर मला उत्तर आलं, पण उर्दूत आलं. ॲसिड म्हणायचं, तर उभा राहून मोठ्यानं 'तेजाब' म्हणालो. कुणालाच कळलं नाही. म्हणजे मला सगळं येतं, फक्त त्यांच्या भाषेत येत नाही. यात माझी काही चूक दिसत नाही.

शेजारच्या टेबलावरचा कार्टर माझ्याकडे बघून हसला. मित्र क्रमांक एक.

तीर्थरूप अप्पांना पत्र टाकलं. आमच्याकडं पत्र लिहिणं जबाबदारीचं काम आहे. अप्पांना वाचता येतं, पण गादीवर बसून चष्मा लावणं त्यांना कमीपणाचं वाटतं. म्हणून माझी पत्रं जुने मास्तर पाशामियाँ वाचतात. बाजारच्या दिवशी, आमच्या दुकानाच्या ओट्यावर उभं राहून, शाळेत कविता म्हणत तशा आवाजात. पत्र अप्पांचं, ऐकणार सगळा बाजार. गंगम्मा आतल्या दाराआडून ऐकणार. अशा ठिकाणी बायकोला काय लिहिणार? आणि लिहिण्यासारखं आहे तरी काय?

म्हणून लिहिलं: मजेत आहे. हवा उत्तम. प्रोफेसर माझ्यावर खूश. मित्र इतके झालेत की अभ्यासाला सवड मिळत नाही.

१९ जानेवारी, रविवार.
आयुब नावाचा एक डॉक्टर भेटायला आला. आपल्या जिल्ह्यातल्या वाशीचा, इथल्या इस्पितळात पुढचं शिक्षण घेतो. म्हणजे जिल्ह्यातून मी पहिला नव्हे. डॉक्टर लोक धरू नयेत.

संकल्पाप्रमाणे मिसेस हॉब्सनना सांगितलं की मी बाहेर गेलोय असं सांगा. तो जिन्याखालून ओरडला, मालक, जोडे तर दारात दिसायलेत तुमचे! सगळ्या लीड्समध्ये जोडे दाराबाहेर काढणारा मी एकटाच, हे लक्षात राहिलं नव्हतं. उत्तर दिलं नाही. थोडा वेळ थांबून गेला. जाताना जोडे उचलून आत ठेवून गेला, भिजू नयेत म्हणून.

उद्यापासून जोडे खोलीत.

२५ जानेवारी, शनिवार.
कार्टरशी दीर्घ संभाषण. त्यानं विचारलं, हिंदुस्थानात कुठं? मी म्हणालो, निजामाच्या राज्यात. तुमच्याकडं हिऱ्यांच्या खाणी आहेत का? मी नाही म्हणालो नाही. आता सगळा वर्ग मला राजपुत्र समजतो. तोटा इतकाच की राजपुत्राशी बोलायला लोक बिचकतात. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाला कुणी येत नाही त्याचं कारण हेच असणार.

मित्र: एक. टर्म अजून बरीच आहे.

२९ जानेवारी, बुधवार.
बर्फ. मगातल्या पाण्यावर साय धरली होती, ती फोडून आंघोळ केली. बोटं दुपारपर्यंत माझी नव्हती.

३० जानेवारी, गुरुवार.
आंघोळ मनानं केली. मन शुद्ध असलं की झालं. पूजा मात्र कोट, मफलर, हातमोजे घालून व्यवस्थित पार पडली. लिंग तळहातावर घेताना एक हातमोजा काढला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
घरचं पत्र! अक्षर पाशामियाँचं. लिहितात: "तुझं खत पोचलं बाबा. बाजारात तीन बार वाचावं लागलं. गुरुलिंग पानवाला तर म्हनला, आपलं पोरगं विलायतेत राज करायलंय. अप्पांची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटली. घरातून पुसतात, तिकडं थंडी हाय का."

'घरातून' म्हणजे गंगम्मा. तिनं पाशामियाँच्या बायकोला, खातूनबींना सांगितलं असणार, खातूनबींनी त्यांना. दोन तोंडांतून फिरून आलेला प्रश्न, थंडी हाय का. ती ओळ पुन्हा वाचली. पाशामियाँचं अक्षर या वयातही किती वळणदार आहे ते बघायला आणखी वाचली. एकूण अकरा वेळा.

लगेच उत्तर. थंडी? छे. इथं लोक उगाच बाऊ करतात, मला तर घाम येतो. पत्राचा शेवट बरा व्हावा म्हणून एक वाक्य टाकलं: एक टर्म म्हणजे फारच अपुरी, वर्षभर राहायला मिळालं तर काय बहार होईल! वाक्य चांगलं जमलं. पाशामियाँ ते दोनदा वाचतील.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
देशभर कोळशाची टंचाई. दिवसा वीज बंद. बेंबळीतही वीज नाही, पण तिथं मुळात नसल्यामुळे गेल्याचं दुःख नाही.

प्रयोगशाळा बंद. तीन दिवस खोलीत, अंगावर ओव्हरकोट आणि वर गादी. या तीन दिवसांत एकूण बोलणं: मिसेस हॉब्सनशी, किटलीविषयी. मघाशी शंका आली की आवाज राहिला की गेला. म्हणून तोंड उघडून मोठ्यानं 'गंगम्मा' म्हणून बघितलं. आवाज आहे. मिसेस हॉब्सन दारावर टकटक करून विचारून गेल्या की काही हवंय का. काही नको म्हणालो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
माझ्या हिशेबानं आज शिवरात्र. आयुबकडे गेलो. संकल्प मोडला असं नाही. इतक्या दिवसांत मराठी कितपत विसरलो ते तपासायला मराठी माणूसच लागतो.

दार उघडून म्हणाला, या मालक, लई दिवसानं बाहेरून आलात! मी तो विषय वाढवला नाही. त्याला शिवरात्र ठाऊक होती. म्हणाला, उपास असंल ना तुमचा, आमच्या शेजारच्या चन्नम्माकाकी असाच धरतात. रोजची कढई बाजूला सारून त्यानं कोरं पातेलं काढलं आणि मीठ घालून बटाटे उकडले. गरम बटाटा हातात धरून मी चार तास बोललो. बेंबळीचा बाजार, अप्पांचा चष्मा, तामलवाडीला आमच्या लग्नात मांडव पडला तो प्रसंग. मांडव पडला तेव्हा गंगम्मा हसली होती, तेही सांगून टाकलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानं विचारलं, घरची याद येती का? मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, मला तर लई येती बाबा, कधी कधी रडतो मी. डॉक्टर असून इतका हळवा माणूस. उद्या पुन्हा जाणार, त्याला धीर द्यायला.

मराठी विसरलेलो नाही.

२ मार्च, रविवार.
धीर द्यायला रोज जातो. त्याचीही मुदत संपत आली. दोघांनी एकाच बोटीचं तिकीट काढलं, २९ मार्च, लिव्हरपूल. सत्तावीस दिवस राहिले. मुद्दाम मोजत नाही. भिंतीवर रेघा आहेत त्या पेन्सिलीला टोक आहे का बघताना ओढल्या गेल्या.

इंग्रज मित्र: एकच, तोही गेल्या आठवड्यात दुसऱ्या टेबलावर गेला. खिडकीजवळ उजेड जास्त आहे म्हणे.

८ मार्च, शनिवार.
पत्र. "तुझ्या खतानं बाजार खूश. एक खुशखबर यायलीय, आत्ता सांगत न्हाय. अप्पा स्वतः उस्मानाबादला जाऊन आले. घरातून पुसतात, जेवण जातं का."

खुशखबर कसली ते ओळखलं. परत आल्यावर मिरवणूक. अप्पा उस्मानाबादला गेले म्हणजे बँड ठरवायला. मिरवणुकीत चेहरा कसा ठेवावा याचा आरशासमोर सराव केला. फार हसू नये. दुकानावरून मिरवणूक जाताना आतल्या दाराकडे बघू नये, लोक चेष्टा करतात. एकदा बघायला हरकत नाही.

ट्रंक भरली. एकवीस दिवस आहेत, पण घाई नको व्हायला.

२२ मार्च, शनिवार.
हैदराबादहून तार. मुदत डिसेंबरअखेर वाढवण्यात येत आहे. चूक झाली असणार असं वाटून हसलो. दुपारच्या टपालानं पाशामियाँचं पत्र आलं.

"मुबारक! तू लिहिलंस, एक टर्म अपुरी हाय, वर्षभर मिळालं तर बहार. ते ऐकून अप्पांचं डोळं भरून आलं. म्हनले, पोरानं कधी काही मागितलं न्हाय, एवढं तरी देऊ. म्या अर्ज लिहिला, बाजारातल्या एकशेसोळा लोकांनी सह्या आन् अंगठे केले. अप्पा तो घेऊन साहेबांच्या कचेरीत तीन दिवस बसले. उमरभर कुणाच्या दारात उभं न्हाय राहिले, तुझ्यासाठी राहिले. घरातून म्हनतात, तिकडं जीव रमलाय तर राहू द्या, आमचं काही न्हाय."

हैदराबादच्या दफ्तरात एक कागद या टेबलावरून त्या टेबलावर जायला सहा महिने लागतात. हा एका महिन्यात हलला. आपल्या सरकारचा कारभार सुधारतो आहे.

आमचं काही न्हाय. हे वाक्य तिचं नाही. खातूनबींनी बदललं असणार. किंवा पाशामियाँनी. किंवा तिचंच असेल, मला तिची वाक्यं कुठं माहीत आहेत?

२४ मार्च, सोमवार.
अप्पांना खरं लिहायचं ठरवलं. तीर्थरूप अप्पांस, मला घरी यायचं आहे. एवढंच. पुढं काही सुचेना, कारण पुढं लिहिण्यासारखं नव्हतं.

मग पाशामियाँच्या आवाजात ते वाचून बघितलं. ओट्यावर, भर बाजारात. अप्पा गादीवर, भोवती अंगठे केलेली एकशेसोळा माणसं. अप्पा नुसते खाली बघतील.

फाडलं. आणखी तीन लिहिली. तीही फाडली.

२८ मार्च, शुक्रवार.
आयुबला स्टेशनवर सोडायला गेलो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, यडे का काय मालक! म्या बेंबळीला जातो, अप्पांस्नी बाजूला घेऊन कानात सांगतो, पोराला करमत न्हाय, बलवून घ्या. बाजाराला कळायचं न्हाय की कुणाला न्हाय. गाडीत बसून त्यानं खिडकीतून पुन्हा विचारलं, सांगू का? मी नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. हो म्हणायचं होतं.

नको म्हणालो. अप्पा तीन दिवस कचेरीत बसले होते.

मग तो म्हणाला, वहिनीस्नी तरी काय सांगू? इतक्या दिवसांत मला तिच्याशी बोलायची ही पहिलीच संधी, मध्ये पाशामियाँ नाहीत, बाजार नाही. मी विचार करत राहिलो. गाडी हलली. सांगा, मजेत आहे, असं म्हणालो. त्यानं हात वर केला. ऐकलं असावं.

२९ मार्च, शनिवार.
बोट आज सुटली. अप्पांना पत्र लिहिलं. मुदत वाढल्याचं कळून आनंद गगनात मावत नाही, आपले उपकार जन्मभर विसरणार नाही, सर्व मित्रांनी मला खांद्यावर घेऊन नाचवलं. पत्र चांगलं झालं आहे. बाजारात चार वेळा तरी वाचावं लागेल.

पेटीत टाकून आलो आणि खोलीत बसून रडलो. डोळ्यांत धूर गेला असं लिहिणार होतो, पण शेगडी पेटलेलीच नाही. कोळसा मंगळवारी संपला.