तिसरी बाटली

ता. ४ मार्च

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या आईच्या हातचं, तोंड माझं. ती मधेमधे माझी वाक्यं सोज्वळ करते असा मला संशय आहे. तेव्हा गोड लागेल ते तिचं समज आणि टोचेल ते माझं.

तुझ्या सहा बाटल्या बर्फाच्या खोक्यातून काल रवाना झाल्या. न्यायला आलेल्या माणसाने खोकं अंगापासून इतकं लांब धरलं होतं, की जिन्यावरून पडतो की काय असं वाटलं. तू सांगितलंस तसं सकाळी उपाशीपोटी कॅप्सूल घेतली. नर्सबाई मधेमधे येऊन रक्त नेत होत्या. आणि दर तासाला एक बाटली. त्यांच्यावरचे आकडे मला काय कळणार? म्हणून प्रत्येकीच्या गळ्यात दोरा बांधला. पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन, अशा सहावीला सहा. तुझ्या आईने चष्मा लावून तपासलं, एकही चुकली नव्हती.

शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिली परीक्षा दिली. शेजारणीला मोठ्या तोऱ्यात सांगून आले. तिने विषय विचारला तेव्हा मात्र मला खोकला आला.

एक सहज विचारते. बाटल्या सगळ्या भरलेल्याच लागतात का? एखादी कमी भरली तर नापास करतात?

लोभ आहे तेवढा पुरे, पत्र तेवढं लांब लिही.

तुझी आजी (अंगठा)

*

ता. ११ मार्च

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि.

आजी, तू नापास कसली होतेस, पहिली आलीस! सगळ्या बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या होत्या. तिसरी जरा फिकट दिसली, पाणी जास्त प्यायली असशील.

आता नीट ऐक, कारण यात तुझीच कर्तबगारी आहे. आपल्या आतड्याच्या भिंतीत हमाल असतात. खाल्लेली प्रथिनं म्हणजे मण्यांच्या माळा; त्या तुटून झालेले दोन-तीन मण्यांचे तुकडे उचलून आत आणायचे, हे त्यांचं काम. काही औषधांची घडण हुबेहूब त्या तुकड्यांसारखी असते, म्हणून हमाल फसतात आणि तीही उचलतात. तुझी कॅप्सूल त्यातलीच. हमालांचे भाऊबंद मूत्रपिंडातही बसलेले असतात. लघवीच्या वाटेने निघालेला कामाचा तुकडा दिसला की ते त्याला परत आत ओढतात. तू कचऱ्याच्या डब्यातून बटणं काढून ठेवतेस, तसंच.

तुझ्या रक्तात औषध पुरेपूर पोचलं होतं, पण लघवीत फारच कमी उतरलं. म्हणजे तुझे मूत्रपिंडातले हमाल या वयातही जोरात आहेत! आठ म्हाताऱ्या माणसांपैकी तू सातवी, आणि तुझ्या आकड्याने सगळी सरासरी फिरली. आमच्या प्रयोगशाळेचे सर खूश आहेत. औषध शरीरातच टिकत असेल तर वयस्कर रुग्णांचा डोस कमी करता येईल का, ते पुढच्या टप्प्यात बघू म्हणाले. वीस तारखेला मी हे सभेत मांडणार आहे. पडद्यावर तू 'क्रमांक सात' असशील, पण मला ठाऊक असेल.

आईला नमस्कार. तुझा लोभ मूत्रपिंडासारखा असू दे, काही वाया न घालवणारा.

तुझी टिटवी

*

ता. १४ मार्च

चि. टिटवीस,

आशीर्वाद. आज एकच पुरे, जास्त द्यायची माझी लायकी नाही.

तुझ्या आईने तुझं पत्र दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज कौतुकाने भरून आला आणि मी भिंतीकडे तोंड करून बसले. कालपासून हे पत्र मनात जुळवतेय. लिहिता येत असतं तर दार लावून एकटीने लिहिलं असतं. पण मला हे तुझ्या आईच्या हातूनच लिहून घ्यायचंय, आणि जिला कळू नये म्हणून सारा खटाटोप केला ती तीच आहे.

माझे हमाल कुठलेही जोरात नाहीत. तिसऱ्या बाटलीच्या वेळी मी स्वयंपाकघरात खुर्चीवर होते. उठले, बाटली हातात होती, बाथरूमचं दार समोर दिसत होतं. तिथवर पोचायच्या आतच सगळं झालं. बाटलीत पडले ते दोन घोट. बाकीचं कपड्यांत आणि फरशीवर.

हे त्या दिवशीच झालं असं नाही. वर्ष होऊन गेलं.

(तुझ्या आईचं पेन थांबलंय. तिला म्हटलं, थांबू नकोस, थांबलीस तर मी पुन्हा सुरू करू शकणार नाही.)

मी फरशी पुसली, कपडे बादलीच्या तळाशी दडपले आणि बाटली नळाखाली धरून गळ्यापर्यंत भरली. मग शांतपणे तीन गाठी मारल्या. टिटवे, चाळीस वर्षं मी दूधवाल्याला दारात उभं करून पाणी घातल्याबद्दल झाडत आले. त्याला पोरांसमोर चोर म्हटलंय. आता तो सकाळी येतो तेव्हा मी आत जाते.

पहिल्या परीक्षेत मी कॉपी केली. नापासाची भीती होती, आणि त्याहून जास्त ही, की लेबलावर कुणी लिहील, म्हातारीला आवरत नाही. गप्पच बसणार होते. पण तू डोस कमी करण्याचं लिहिलंस. माझ्या नळाच्या पाण्यामुळे कुठल्या तरी म्हातारीला औषध कमी पडायचं, आणि तिला कळणारही नाही का ते. सभेच्या आधी हे तुला मिळावं म्हणून तुझी आई आत्ताच टपालात टाकायला जातेय.

लोभ ठेव असं कुठल्या तोंडाने सांगू? उरला असेल तर त्यात पाणी घालू नकोस.

आजी (अंगठा)

ता. क. हे माझं, तुझ्या आईचं. पहाटे दोरीवर त्यांचे ओले कपडे मी वर्षभर बघते आहे. बोलले नाही. त्यांचा मान राखते आहे असं वाटत होतं. आज लिहिताना कळलं, मी त्यांना एकटं टाकलं होतं.

*

ता. २३ मार्च

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र एकोणीसला मिळालं. वाचून प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून राहिले, आणि तुला वाटेल त्यापेक्षा वेगळ्या कारणाने.

औषध सगळ्यात जास्त बाहेर पडतं ते तिसऱ्या तासाच्या आसपास. तुझा तिसऱ्या तासाचा आकडा एकदम खाली होता आणि चौथ्याचा पुन्हा वर. कुठलाही हमाल एक तास राबून पुढच्या तासाला घरी जात नाही. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. बाटली फिकट होती, तेही दिसलं. आणि तू तर विचारलंसही, कमी भरली तर चालेल का म्हणून. ते मी वाचलं आणि मला सोयीचं उत्तर देऊन मोकळी झाले. आकडा फार देखणा होता, आजी. तू पाणी घातलंस ते लाजेने. मी डोळे मिटले ते हावेने.

सरांना सगळं सांगितलं.  ते मला म्हणाले की क्रमांक सातने विचारायचं धाडस केलं, तुम्ही केलं नाहीत. सभेत सात माणसं आणि नवीन काहीच नाही, असं मांडलं. दहा मिनिटं दिली होती, मी चार मिनिटांत खाली बसले.

एक गोष्ट आणखी. आमच्या फॉर्मवर 'सांडले' असा रकानाच नव्हता. सत्तरीपुढच्या माणसांसाठी फॉर्म केला आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. बाकीच्या सातजणांना फोन करून विचारलं. दोघांनी रडवेल्या आवाजात सांगितलं, आमचंही सांडलं होतं. त्यांच्या बाटल्याही गेल्या.

आता सगळ्यांची चाचणी पुन्हा होणार आहे. तू देशील का? मोजणारी दुसरी असेल, मी नाही. आणि आधी डॉक्टरांकडे जा, आईला घेऊन.

लोभाचं मी आता काय मागू? तूच ठरव.

टिटवी

*

ता. ६ एप्रिल

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद, या खेपेला मोजून पूर्ण.

डॉक्टरीणबाई तुझ्याएवढीच आहे. तिने इतकं सरळ विचारलं की मीही सरळ सांगून टाकलं. अंग आवळून दहा मोजायचा व्यायाम दिलाय. दहापर्यंत मला येतं. गप्पा मारताना शेजारणीसमोरसुद्धा करते, तिला वाटतं मी तिचं लक्ष देऊन ऐकतेय.

कपडे आता ऊन वर आल्यावर वाळत घालतो, दोघी मिळून. दूधवाल्याला काल थांबवून सांगितलं की माझंही चुकलं होतं. काय ते सांगितलं नाही. तो घाबरून मापावर थोडं जास्त घालून गेला.

सहा बाटल्या आज निघाल्या. तिसरी याही वेळी दगा देऊन गेली, निम्मीच आहे. नळ समोरच होता. तुझी आई दाराबाहेर उभी होती, पण तिने आत डोकावलं नाही, आणि मी नळाला हात लावला नाही. बाटलीच्या गळ्यात तीन गाठी आहेत आणि वर एक लाल दोरा. मोजणाऱ्या मुलीला सांगून ठेव, लाल म्हणजे सांडलं. किती, ते तिने विचारलं तर सांगेन.

तुझी आजी (अंगठा)