गळतीवालीचा विमा

८ जुलै, मंगळवार

आज वाटलं, झालं, माझी बोळवण होणार!

सुनीती गॅलरीत फोनवर बोलत होती — "लायबिलिटी घ्यायला कोणीच तयार नाही हो... दोनदा त्रास झालाय ना, म्हणून..." मी भेंडी चिरत होते. सुरी थांबली. त्रास देणारी, कोणी घेत नाही — लेकीच्या घरात मी सोडून असं दुसरं आहे कोण? लायबिलिटी म्हणजे घरात बसून खाणारं माणूस, एवढं इंग्रजी मालिकांनी शिकवलंय मला.

तनया हसून लोळली. "आजी, तू नाही गं! आईचा विमा!"

तर ते असं. माझी लेक गळतीची डॉक्टर. गच्ची, तळघर, बाथरूम — पाणी कुठून येतं, कसं अडवायचं, याचा सल्ला देते. सल्ला चुकून कोणाचं नुकसान झालं तर ते विमा कंपनीने भरायचं. नोएडातलं एक मोठं हॉस्पिटल म्हणतंय, असा विमा असेल तरच काम. महिनाअखेरपर्यंत दाखवा. नोकरी सोडून हिने स्वतःचं ऑफिस थाटलंय, ते आता या एका कामावर तरायचं. आणि जुन्या विमा कंपनीने दोनदा भरपाई देऊन हात जोडलेत!

१० जुलै

ती दोन प्रकरणं सांगून ठेवते. (तनयाने फोनमध्ये करून दिलंय — मी बोलते, तो लिहितो. मला अक्षर येत नाही, तेव्हा काय लिहितो ते त्याचं त्याला ठाऊक.)

एक — गुरुग्रामच्या ऑफिसची गच्ची. वर बाग, खाली हिशेबवाले. बागेचं पाणी सगळं कॉम्प्युटरांवर.

दोन — द्वारकेतला लग्नाचा हॉल. ऐन सप्तपदीत नवरदेवाच्या पगडीवर टप् टप्! पंडितजी म्हणाले, शुभ आहे. हॉलचा मालक काही तसं म्हणाला नाही.

१४ जुलै, सोमवार

आणखी एका कंपनीचा नकार. सुनीतीने भाजीत मीठ दोनदा घातलं. मी खाल्ली. जरा खोकले फक्त.

१५ जुलै

विम्याचा एजंट आला, अंशुमन. "आंटी, क्लेम हिस्टरी है ना, इसलिए मुश्किल हो रहा है."

मी म्हटलं, "बेटा, सीधा बोलो, लड़की को मंगल है."

चहा सांडला त्याने.

जयंतराव, आमचे जावई, पेपराआडून म्हणाले, "फॉर्मवर विचारलंय ना, आधी क्लेम झालेत का? नाही म्हणून टाक. कोण बघतंय, यार!" सुनीती काही बोलली नाही. हे मला आवडलं नाही. ही पोर न बोलता बसली की काहीतरी करते.

म्हणून मी माझ्या लग्नाचं काढलं. सासऱ्यांनी सांगितलं होतं, मुलाला सरोजिनी नगरला सरकारी क्वार्टर आहे. क्वार्टर होतं — मुलाच्या मित्राचं! आमचा संसार मागच्या व्हरांड्यात, पडदा लावून. पुढे यांना स्वतःचं क्वार्टर मिळालं, चांगलं मिळालं, पण मी शेवटपर्यंत विचारायचे — हे तरी आपलंच ना? लपवलेलं सापडलं की समोरच्याला जन्मभराचं हत्यार मिळतं.

अंशुमन म्हणाला, "बिल्कुल, आंटी! बाद में पकड़ा गया तो कंपनी कुछ नहीं देगी." त्यापेक्षा एक पान लिहा म्हणे — काय झालं, आणि मग तुम्ही काय बदललं.

१९ जुलै, शनिवार

सुनीतीने पान वाचून दाखवलं. त्यात कंत्राटदार होता, प्लंबर होता, पाऊस होता.

"आणि तू कुठे होतीस?"

"आई, तुला यातलं काय कळतं?"

"काही नाही. त्या कंपनीतल्या माणसालाही कळणार नाही. तोही हेच विचारेल."

रुसली. मग आपणहून माझ्या पलंगावर येऊन बसली. "गच्चीवर पाणी भरून ठेवायचं असतं, आई, गळतंय का बघायला. कंत्राटदाराला घाई होती. मी न बघताच सही केली... आणि हॉलमध्ये, पाइप स्लॅबमधून खाली उतरतो ना, तो सांधा. पाइपाचा गळा. तो मी उघडून पाहिलाच नाही."

"आणि आता?"

"आता पाणी भरते आणि खालच्या मजल्यावर खुर्ची टाकून बसते. प्रत्येक गळा हाताने चाचपते."

"मग हे लिही की, बाई!"

तिचे डोळे भरून आले. म्हटलं, इथे गळू नकोस, अजून विमा नाही आपला!

२८ जुलै

ज्या नव्या कंपनीला पान पाठवलं, तिथल्या विजयालक्ष्मी मॅडमनी फोनवर खोदून खोदून विचारलं. सुनीती आपली — "हाँ, वह मेरी गलती थी." जयंतराव दारात थिजून उभे. या घरात न ऐकलेला शब्द!

१ ऑगस्ट, शुक्रवार

विमा मिळाला! महाग पडला. वर नुकसान झालं तर पहिला मार आपला, उरलेला कंपनीचा. पण मिळाला! अंशुमन पेढे घेऊन आला.

पेढा तोंडात असतानाच हॉस्पिटलचा फोन. मुदत काल संपली. काम दुसऱ्याला दिलं.

मुंडावळ्या बांधून झाल्या आणि वरात दुसऱ्या दारी गेली. सुनीती जेवली नाही. मी एकही टोमणा मारला नाही, तर तनया माझ्या कपाळाला हात लावून बघते — "आजी, बरी आहेस ना?"

५ ऑगस्ट

विजयालक्ष्मी मॅडमचा फोन! सुनीती आंघोळीला, मी घेतला. म्हटलं, आता दिलेला विमाही परत मागतात.

"माँजी, वह पाइप के गले वाली बात पढ़ी थी. हमारी पूरी सोसायटी में, हर बाथरूम में वही है. बिल्डर कहता है, हवा में नमी है. सब बैठे थे, तो मैंने कहा, एक ही मैडम हैं जो अपनी गलती खुद बता देती हैं. आएँगी?"

"आएगी," मी म्हटलं. "अभी आएगी, बाल सूखने दो."

मग मॅडम आवाज उतरवून —

"और माँजी, कमेटी का नियम है... इंश्योरेंस की कॉपी साथ ले आएँ."