आधी काटा, मग शिक्का

सोमवार, ९ मार्च १९८७

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे आम्ही सगळे ठीक. बाबांचा खोकला उतरला आहे. इस्पितळाच्या भांडारातली माझी नोकरी पुढच्या महिन्यात पक्की होणार, असे ते वाटेत भेटेल त्याला सांगत सुटतात.

एक काम आहे. तुझ्या वाचनालयात दोन हातांनी उचलावा लागणारा इंग्रजी कोश आहे, त्यात 'रिसीव्ह' हा शब्द बघशील का? आलेल्या मालाच्या चलनावर मी दिवसातून तीस वेळा 'रिसीव्ह्ड'चा शिक्का मारतो. स्पेलिंग पाठ आहे, ई आधी, आय नंतर. पण शाळा नववीत सुटली, अर्थ कुणी फोड करून सांगितला नाही. माल दारात आला की तो रिसीव्ह झाला, की आपण हातात घेऊन पाहिल्यावर? शब्द कुठून आला तेही लिही. सहज विचारतो आहे.

भाचीला पापा. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

तुझा
टाचणी


शुक्रवार, १३ मार्च

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

कोश उतरवताना मनगट लचकले, त्याचे पाप तुझ्या माथी. शब्द मूळचा लॅटिन, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. पहिल्या तुकड्याचा अर्थ 'परत', दुसऱ्याचा 'पकडणे, हातात धरणे'. पुढे अर्थांची पानभर रांग. पत्र मिळणे, पाहुण्याला घरात घेणे, घाव सोसणे, चोरीचा माल जाणूनबुजून ठेवून घेणे, सगळ्यांना हाच शब्द. डॉक्टर चिठ्ठीच्या डोक्यावर आर काढून त्याच्या पायावर काट मारतात ना, तोही याच घराण्यातला. त्याचा अर्थ 'घे'. मी पुस्तकांना नंबर घालणारी बाई, पंडित नव्हे. पण मला तरी वाटते, हाताने धरल्याशिवाय हा शब्द उभा राहत नाही.

आता तू बोल. तू सहज काही विचारत नाहीस. सात वर्षांचा असताना, काच जमिनीत पुरली तर किती वर्षे टिकते असे विचारले होतेस, आणि संध्याकाळी बाबांचा चष्मा सापडेना. या वेळी काय पुरले आहेस?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
ताई


सोमवार, १६ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण इस्पितळाचा फोन भांडाराच्या साहेबांच्याच टेबलावर आहे.

लहान मुलांच्या लशी बर्फाच्या पेटीत येतात. आत तापमानाचा काटा असतो. झाकण उघडायचे, काटा वाचायचा, आकडा वहीत लिहायचा, मग शिक्का. दोन ते आठ अंशांत असेल तरच. गेल्या सोमवारी त्याच वेळी सलाइनची साठ खोकी उतरली. लिफ्ट बंद, ड्रायव्हर घाईत. मी पेटी न उघडता शिक्का मारला आणि ५ लिहिले, कारण काटा नेहमी पाचावरच असतो. पेटी जिन्याखाली राहिली. एक वाजता उघडली तेव्हा बर्फाचे पाणी झाले होते आणि काटा एकोणीसवर होता. मी बाटल्या फ्रिजमध्ये लावल्या. चार वाजता काटा पाचावर आला. आता वहीही खरी दिसते आणि काटाही.

बाटल्या दिसायला जशाच्या तशा. पण साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवले होते की लस बिघडल्याचे डोळ्यांना कळत नाही. बाळाची आई मात्र निर्धास्त होऊन घरी जाते. येत्या गुरुवारी चाळीस बाळे येणार आहेत. झाकली मूठ झाकलेलीच बरी असे सकाळी वाटते, आणि फ्रिज उघडला की त्या बाटल्या पुन्हा पुन्हा मोजतो. सांगितले तर नोकरी जाईल. बाबांना कोणते तोंड दाखवू? मी काय करू ते लिही.

तुझाच
टाचणी


गुरुवार, १९ मार्च

चि. टाचणीस,
आशीर्वाद.

पत्र आत्ता मिळाले, संध्याकाळी सहाला. तिकडे जे व्हायचे ते होऊन गेले असेल. टपालाला किती दिवस लागतात हे तुझ्याइतके काटेकोर कुणी मोजत नाही. माझे उत्तर वेळेत येणार नाही हे ठाऊक असूनच विचारलेस, म्हणजे ते तुला माझ्याकडून नकोच होते. तुझी भाची तान्ही असताना मीही तशाच रांगेत उभी होते, कुणाच्या तरी शिक्क्यावर भरवसा ठेवून. एवढेच लिहिते.

हे बाबांच्या हाती पडू नये म्हणून रजिस्टर करते आहे. काहीही केले असलेस तरी माझा धाकटाच आहेस.

ताई


सोमवार, २३ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

चार दिवस लिहायला बसलो आणि उठलो.

बुधवारी दुपारी साहेब जेवून हात पुसत होते तेव्हा सांगितले. त्याआधीच बाटल्या बाहेर काढून त्यांवर 'वापरू नये' अशी लाल पट्टी चिकटवली होती, म्हणजे मला माघार घेता येऊ नये. साहेब ओरडले नाहीत. वही मागितली. पाचावर एकच रेघ मारायला लावली, पाच खाली दिसत राहील अशी. शेजारी एकोणीस, सही, तारीख. मग एवढेच विचारले की नऊ दिवस तुला जेवण कसे गेले.

गुरुवारी त्यांनी मलाच दारात उभे केले. नव्या लशी आठवड्याने येतील, तेव्हा या, असे मी चाळीस आयांना सांगितले. ज्यांनी कारण विचारले त्यांना खरे सांगितले. दोन बस बदलून आलेल्या एका बाईने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिच्या कडेवरचे बाळ तेवढा वेळ माझ्याकडे बघून हसत होते.

नोकरी गेली नाही, पक्कीही झाली नाही. सहा महिने पुन्हा उमेदवारी. शिक्का साहेबांच्या खणात आहे आणि मी खोकी उचलतो. बाबांना सांगितले. तेव्हापासून ते बोलत नाहीत, पण आज माझा डबा त्यांनीच भरला.

तुझे पत्र आज सव्वाअकराला आले. पोस्टमन आधी सही मागू लागला. मी म्हटले, आधी पाकीट द्या. चारी कडा तपासल्या, तुझे अक्षर ओळखले. आत काय हिरे आहेत का, असे तो वैतागून म्हणाला. मग सही केली, आणि त्याने सांगितले नव्हते तरी शेजारी वेळ लिहिली.

भाचीला पापा. आहे तसाच पदरात घे.

तुझा
टाचणी