आगपेटीतल्या तारा

सातपूर,
२२ एप्रिल १९८४

ति. दादास,
लताचा सप्रेम जय भीम.

इकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात, पण जयंतीच्या मिरवणुकीत ती शेवटच्या चौकापर्यंत चालली. तू यंदाही आला नाहीस. तुझं कार्ड तिला दर महिन्याला येतं. शेवटी 'लताला जय भीम' एवढंच. भोसरीत शाई महाग झाली का रे?

लिहायचं कारण कामाचं आहे. डोळे तपासणीची ती ट्रस्टची गाडी परत आपल्या वर्कशॉपला आली. तिच्यातल्या बॅटरीचा चार्जर नवा आहे, पण दुखणं जुनंच. बॅटरीकडून येणारी केबल अंगठ्याएवढी जाड, आणि चार्जरच्या तोंडात करंगळीसुद्धा जायची नाही. रावजी शेठ म्हणाले, "लता, व्हईल का तुझ्याच्यानं?" मी म्हटलं, होईल.

या खेपेला नीट केलं. जाड केबलच्या टोकावर तांब्याचं थिंबल दाबून ती पितळी पट्टीवर बोल्टने आवळली. पट्टीपासून चार्जरपर्यंत वीतभर बारीक केबल घेतली, मध्ये फ्यूज टाकला. दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, हलली नाही. तू असतास, तरीही काहीतरी खोट काढलीच असतीस.

'या खेपेला' असं लिहून गेले. आता खोडत नाही.

दोन वर्षांपूर्वी हीच गाडी आली, त्या दिवशी तू आईला दवाखान्यात नेलं होतंस. "केबल फक्त सोलून ठेव, जोडायचं मी आल्यावर," असं बजावून गेलास. मला मात्र शहाणपणा सुचला. तू येशील तोवर काम करून दाखवायचं, म्हणजे शेठ मला नुसती वायर सोलायला बसवणार नाहीत. केबल आत जाईना. मग कटरने तिच्या कडेच्या तारा छाटल्या, उरलेल्या कोंबल्या, स्क्रू आवळला आणि वरून टेप गुंडाळली. झिपरू ड्रायव्हर गाडी घेऊन गेला. वणीच्या रस्त्यावर धक्क्यांनी जोड सैल झाला, तापला आणि चार्जर पेटला. विझवताना झिपरूचा तळहात भाजला.

शेठनी सगळ्यांसमोर विचारलं, "कोणी जोडलं व्हतं?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "मी."

त्या संध्याकाळी घरी तू मला एकदाच विचारलंस, "लते, तारा छाटल्या नव्हत्यास ना?" मी तुझ्याकडे न बघता म्हणाले, "नाही. चार्जरच खराब असंल." तू बरं म्हणालास आणि जेवायला बसलास. दुसऱ्या दिवशी शेठनी तुला काढलं. आठवड्याने तू भोसरीला गेलास. दादा रुसून गेला, असं मी सगळ्यांना सांगत आले. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

परवा थिंबल दाबायची पक्कड शोधायला तुझी हत्यारांची पेटी उघडली. तळाशी आगपेटी होती. उघडली, तर आत तांब्याच्या तारांचे तुकडे. कटरने छाटलेले, अजून चकचकीत. माझ्या बाकड्याखालून तू वेचलेस, हो ना? म्हणजे मला विचारलंस तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. तुला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. ते न ऐकताच तू गेलास. हत्यारांची पेटी विसरून जाणारा माणूस तू नाहीस, ती माझ्यासाठीच ठेवलीस, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला फार लाज वाटते, दादा.

काल शेठना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "दोन वर्सं त्या पोराला शिव्या घातल्या मी. त्याला बोलव. तुला ठेवायचं का नाय, ते त्यालाच ठरवू दे." झिपरूलाही भेटले. त्याने हात उघडून दाखवला.

आईला अजून सांगितलं नाही. तू आलास की तुझ्या समोर सांगेन, पळवाट नको.

आगपेटी होती तिथेच ठेवली आहे. कामावर ठेवायचं की नाही, ते तू मग ठरव. पण आधी घरी ये, जेवायला बसायच्या आधी मला तोच प्रश्न पुन्हा विचार, आणि मी उत्तर देईपर्यंत 'बरं' म्हणू नकोस.

तारा मीच छाटल्या.

तुझी धाकटी,
लता