ती काय म्हणाली?

आष्टा, शनिवार, फेब्रुवारी १९७४

आज सासूबाईंनी, ह्यांनी आणि मी तंबूतल्या टॉकीजला तमिळ सिनेमा पाहिला. लष्करात असताना मद्रासला राहिल्यामुळे ह्यांना ती भाषा कळते. सिनेमातल्या शेतकऱ्याच्या बायकोला मूल नव्हतं. ती नवऱ्याचे पाय धरून रडत काहीतरी बोलली.

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतीया रं?"

हे म्हणाले, "माझ्या भनीशी लगीन करा म्हणतीया."

"बघ, किती शानी हाय!" सासूबाई मला म्हणाल्या.

पुढे ते लग्न लागलंच. पण ती खरंच तसं म्हणाली असेल? की करू नका म्हणून पाय धरले होते? कुणाला विचारू?

घरी येताच सासूबाई म्हणाल्या, "उद्या म्हायेरी पाटणला जा. तुझ्या धाकट्या भनीचं इचारून ये."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मान खाली घालून चपला काढत राहिले.

मी 'बरं' म्हणाले.