उर्वशीच्या टेस्ट, माझी फाइल

१७ फेब्रुवारी, सोमवार

उर्वशीचा फोन! सात महिन्यांनी! उभाच राहिलो. बोलली काय तर — "शनिवारी प्रोजेक्ट जमा करा लागते. तुझी फाइल आहे न अजून? ते लावून टेस्ट चालवून दे, मग तुझंही नाव राहील."

राहील म्हणे! प्रोजेक्ट दोघांचा होता — हिशोबाची फाइल माझी, तो तपासणाऱ्या टेस्ट तिच्या. मशीनवरचा कापसाच्या ओलाव्याचा आकडा वाचून भाव ठरवणारी कोडची लायब्ररी. सरांशी भांडून कॉलेज सोडलं तेव्हा माझी फाइल लॅपटॉपमध्ये घेऊन सरळ गावी, बोरी अरबला आलो. बसा म्हटलं बोंबलत!

१८ फेब्रुवारी

फाइल लावली. त्रेचाळीस एरर! सगळ्यांचं रडणं एकच — मॅक्रो पुन्हा डिफाइन केला. एकाच नावाला दोन किमती. ओलाव्याची मर्यादा माझ्या फाइलमध्ये बारा टक्के, टेस्टमध्ये आठ. असली कितीतरी नावं. हा वर्गातल्या इंद्रजितचाच उद्योग! आता तिच्याशेजारी तोच बसतो म्हणे.

१९ फेब्रुवारी

बाहेर शिवजयंतीची मिरवणूक. गेलो नाही. आई म्हणे, "त्या डब्ब्याले काय शिव्या देऊन राह्यला? जेवून घे."

जेवलो नाही.

२० फेब्रुवारी

टेस्टमधली किंमत रद्द करून माझी बसवली. एरर गेले! टेस्ट चालवल्या — अकरा नापास. दहा टक्के ओला कापूस आला की तिच्या टेस्टना भाव कापायला हवा. माझी फाइल म्हणते, चालते.

इंद्रजितला फोन करून वाट्टेल ते बोललो. तो म्हणाला,

"भाऊ, मी तं एक ओळ नाही लिहिली त्यात. तू गेल्यावर तुझा भाग तिनंच पुन्हा लिहिला. चार दिवस बाजार समितीत गाड्यांपाशी उभी राह्यली, व्यापाऱ्यायले विचारत. मले कायले बोलतं?"

माझा बारा कुठून आला होता? बाबांच्या तोंडून ऐकलेला. विचारायला मी कुठंच गेलो नव्हतो.

२१ फेब्रुवारी

नावं बदलली. अटी घातल्या. एकतर एरर, नाहीतर नापास. काहीच होत नाही माझ्यानं — ना कॉलेज, ना हे! उर्वशीचा मेसेज — "झालं का रे?" त्या 'रे'कडे किती वेळ पाहत बसलो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी माझी फाइल काढून टाकली आणि उरलेला कोड बिल्ड केला. एकही एरर नाही. सगळ्या टेस्ट पास.

म्हणजे माझ्याशिवाय तिचं सगळं आधीपासूनच चालत होतं. तरी फाइल मागितली तिनं, 'तुझंही नाव राहील' म्हणून.